पाच जणांची चाचणी: ॲप लोकांच्या हातात देण्याआधी ती काय सांगते आणि काय सांगत नाही

पीएचडीची तयारी करणाऱ्या किंवा एम.टेक.चा प्रोजेक्ट संपवत आणलेल्या मुलामुलींकडून मला एक प्रश्न दर महिन्याला तरी येतोच. "ताई, ॲप तयार आहे. आता पाच जणांकडून टेस्टिंग करून घेते आणि पेपर लिहायला घेते. पाच पुरतात ना?"

या प्रश्नाला "हो" किंवा "नाही" असं एका शब्दात उत्तर देता येत नाही. त्या पाच जणांकडून तुम्हाला काय समजून घ्यायचं आहे, यावर ते ठरतं. आज तेवढंच नीट उलगडून बघू. सोबत एक उदाहरण घेऊ, म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही.

समजा, तुम्ही महिला बचत गटांसाठी हिशेबाचं ॲप बनवलं आहे. गटात दहा ते वीस बाया. महिन्याला सभा. प्रत्येकीची बचत, कोणी घेतलेलं अंतर्गत कर्ज, त्याची परतफेड, व्याज, सगळं आतापर्यंत वहीत लिहिलं जायचं. आता ते सचिवताई मोबाईलवर लिहिणार. ॲप तुमच्या फोनवर छान चालतंय, गाईडनाही आवडलंय. पुढच्या महिन्यात ते गटांना द्यायचं आहे.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करा

प्रत्यक्ष वापरणाऱ्यांसोबत चाचणी दोन कारणांसाठी होते. पहिलं कारण म्हणजे दोष शोधणं. माणूस कुठे अडतो, कुठे चुकीचं बटण दाबतो, कुठला शब्द त्याला कळत नाही, हे बघायचं आणि दुरुस्त करायचं. याला फॉर्मेटिव्ह चाचणी म्हणतात. दुसरं कारण म्हणजे मोजणं. किती टक्के लोक काम पूर्ण करतात, किती वेळ लागतो, जुन्या पद्धतीपेक्षा हे बरं आहे का, याचा आकडा काढायचा. ही समेटिव्ह चाचणी.

पहिलीसाठी थोडे लोक चालतात, दुसरीसाठी चालत नाहीत. बहुतेक गोंधळ इथेच होतो. लोक पहिल्या प्रकारची चाचणी करतात आणि पेपरमध्ये दुसऱ्या प्रकारचा दावा लिहितात. परीक्षक नेमकं तिथे बोट ठेवतात.

तिसरी एक गोष्टही यात मिसळली जाते. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक डेव्हलपर खात्यांना गूगल प्लेवर ॲप प्रसिद्ध करण्याआधी बंदिस्त चाचणी करावी लागते. सुरुवातीला त्यासाठी २० जण लागायचे, नंतर ती अट १२ जणांवर आली, आणि ते सलग १४ दिवस चाचणीत नोंदलेले असावे लागतात. मग आपण व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक टाकतो, मित्रमंडळी ॲप उतरवून घेतात, अट पूर्ण होते. ती स्टोअरची अट आहे, ती पाळायलाच हवी. पण त्या बारा जणांनी ॲप फोनमध्ये ठेवलं, म्हणजे सचिवताईंना ते वापरता येतं हे सिद्ध झालं, असं होत नाही.

पाचचा आकडा आला कुठून?

१९९३ मध्ये जेकब नील्सन आणि थॉमस लँडॉअर यांनी एक गणिती मॉडेल मांडलं. कल्पना सोपी आहे. एखादा दोष एका वापरकर्त्याच्या चाचणीत दिसण्याची शक्यता p असेल, तर n जणांच्या चाचणीत तो एकदा तरी दिसण्याची शक्यता १ − (१ − p)ⁿ इतकी. त्यांनी पाहिलेल्या प्रकल्पांत p ची सरासरी ०.३१ निघाली. आता n = ५ घालून बघा. ०.६९ चा पाचवा घात साधारण ०.१६. एकातून वजा केला की ०.८४. म्हणजे पाच जणांत सुमारे ८५ टक्के दोष सापडतात. नील्सननी २००० साली हे सोप्या भाषेत लिहिलं आणि "पाच पुरेत" हे वाक्य जगभर पसरलं.

त्याच लेखातला पुढचा सल्ला मात्र फारसा कोणी सांगत नाही. तुमच्याकडे पंधरा जणांचं बजेट असेल तर पंधराही जणांना एकदम बसवू नका. पाच जण, मग दुरुस्ती, पुन्हा पाच, पुन्हा दुरुस्ती, पुन्हा पाच. पाच हा एका फेरीचा आकडा आहे, पूर्ण चाचणीचा नाही. आणि वापरणारे वेगवेगळ्या गटांतले असतील, तर प्रत्येक गटातून तीन-चार जण हवेतच.

आता सूत्रातला p बदलून बघा. हे कागद-पेन घेऊन स्वतः करा, दोन मिनिटांचं काम आहे. एखादा दोष दहापैकी एकीलाच त्रास देतो, म्हणजे p = ०.१. पाच जणींत तो दिसण्याची शक्यता ४१ टक्के. म्हणजे न दिसण्याचीच शक्यता जास्त. दहा जणींत ६५ टक्के, पंधरा जणींत ७९ टक्के. ९० टक्क्यांपर्यंत पोचायला २२ जणी लागतात.

दहापैकी एक म्हणजे किरकोळ वाटतं. पण तुमचं ॲप शंभर गटांत गेलं, तर दहा गटांच्या हिशेबात तो दोष शिरला. आणि ८५ टक्के ही सरासरी आहे, हेही लक्षात ठेवा. लॉरा फॉकनर यांनी २००३ मध्ये ६० वापरकर्त्यांच्या चाचणीतून पाच-पाच जणांचे संच यादृच्छिक पद्धतीने निवडून बघितले. काही संचांना ९९ टक्के दोष सापडले, काहींना फक्त ५५ टक्के. संच दहा जणांचा केला तेव्हा सर्वांत वाईट संचानेही ८० टक्के दोष शोधले, वीस जणांचा केला तेव्हा ९५ टक्के. तुमच्या वाट्याला कुठला पाच जणांचा संच येईल, हे तुम्हाला आधी कळत नसतं.

"पाचही जणींना जमलं" याचा अर्थ काय?

समजा, पाचही जणींनी काम बरोबर पूर्ण केलं. "यशाचं प्रमाण १०० टक्के" असं लिहायचा मोह होतो. थांबा. ज्या ॲपमध्ये खरोखर ४५ टक्के लोक अडखळतात, तिथेसुद्धा पाचच्या पाच जण यशस्वी होण्याची शक्यता सुमारे ५ टक्के असते, कारण ०.५५ चा पाचवा घात ०.०५ येतो. म्हणून ९५ टक्के विश्वासपातळीवर तुम्ही इतकंच म्हणू शकता की अपयशाचं प्रमाण ४५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावं. हे विधान खरं आहे, पण त्यावर कोणी ॲप गावागावांत वाटणार नाही.

डोक्यात ठेवायला एक सोपा नियम आहे. n जणांत एकही अपयश दिसलं नाही, तर अपयशाची वरची मर्यादा साधारण ३ भागिले n. तीसच्या तीस यशस्वी झाले, तर साधारण १० टक्के. n लहान असताना हा नियम ढोबळ होतो (पाचला तो ६० टक्के सांगतो, नेमका हिशेब ४५ सांगतो), पण वीस-तीसच्या पुढे चांगला चालतो.

कोणाला बसवायचं?

इथे कंटाळा करू नका. होस्टेलमधल्या मैत्रिणी म्हणजे तुमच्या ॲपच्या वापरकर्त्या नव्हेत. त्यांना तीन आडव्या रेघांचं चिन्ह म्हणजे मेनू हे माहीत असतं, चुकलं तर मागे कसं जायचं हे बोटांना पाठ असतं. ज्या बाईने फोन आतापर्यंत कॉल आणि व्हॉट्सॲपच्या व्हॉइस मेसेजसाठीच वापरलाय, तिच्यासाठी तुमच्या ॲपची प्रत्येक स्क्रीन नवी आहे.

निवड करताना कागदावर तीन-चार निकष लिहा. उदाहरणार्थ, गटाचा हिशेब प्रत्यक्ष लिहिणारी, स्वतःचा फोन असलेली आणि घरातल्यांचा फोन मागून वापरणारी, दोन्ही, चष्म्याचा नंबर असलेली निदान एक, वेगवेगळ्या गटांतली. शेवटचा निकष महत्त्वाचा. एकाच गटातल्या पाच जणी एकाच वहीत, एकाच पद्धतीने लिहायला शिकलेल्या असतात. त्यांच्या चुका सारख्या असणार आणि त्यांना न पडणारे प्रश्नही सारखेच असणार. वरचं सूत्र सहभागी एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असं धरून चालतं.

आणि चाचणी त्यांच्याच फोनवर करा. अक्षरं मोठी केलेली असतील तर तुमचं "परतफेडीची नोंद करा" हे बटण अर्ध्यात कापलं जाईल. मेमरी भरलेली असेल, नेटवर्क येत-जात असेल. हे तुमच्या फोनवर कधीच दिसणार नाही.

काम कसं द्यायचं?

चाचणीत सहभागीला करायला दिलेलं काम म्हणजे टास्क. तो लिहिण्याचा एक नियम पाळा: स्क्रीनवरचा शब्द टास्कमध्ये येऊ द्यायचा नाही. "परतफेड बटण दाबून नोंद करा" असं म्हणालात तर तुम्ही फक्त वाचनाची परीक्षा घेतली. त्याऐवजी असं सांगा:

"आज सभेत एका ताईंनी बचतीचे १०० रुपये दिले. त्यांनी ५००० रुपये कर्ज घेतलंय, महिना शेकडा दोन व्याजाने. त्यातले ५०० त्यांनी आज परत केले आणि व्याजाचे १०० वेगळे दिले. तुम्ही वहीत लिहिता तसं हे इथे लिहा. मग त्यांच्याकडून अजून किती येणं आहे, ते मला सांगा."

बरोबर उत्तर तुमच्याकडे आधीच लिहिलेलं हवं. इथे ते ४५०० आहे. आता समजा, सचिवताईंनी बचतीत १०० ऐवजी ६०० टाकले, कारण परतफेडीचा रकाना त्यांना दिसलाच नाही. ॲप म्हणालं "नोंद झाली", हिरवी खूण आली, ताई समाधानाने हसल्या. तुमच्या लॉगमध्ये हे यश म्हणून नोंदलं जाईल. ॲप बंद पडलं नाही, लाल अक्षरात काही आलं नाही. दोन महिन्यांनी सभेत ज्यांनी पैसे भरले त्या म्हणतील, "मी तर पाचशे दिले होते!" गावात अशा वेळी ॲपला कोणी दोष देत नाही. वही लिहिणारीकडे बोट दाखवतात. म्हणून काम "पूर्ण झालं" आणि "बरोबर झालं" हे दोन वेगळे रकाने ठेवा. पैसे, औषध, अर्ज यांच्या ॲपमध्ये सर्वांत घातक दोष हेच असतात: गुपचूप घडणारे.

शब्दांकडेही तसंच बघा. "बाकी ४५००" असं स्क्रीनवर लिहिलंय. पेटीत शिल्लक ४५००, की कोणाकडून येणं ४५००? मराठीत "बाकी" दोन्हीकडे चालतो. "हप्ता" म्हणजे कर्जाचा हप्ता, आणि हिंदी कानावर असेल तर आठवडाही. असे शब्द दाखवून "हे वाचून तुम्हाला काय कळलं?" एवढंच विचारा. "कळलं का?" असं विचारू नका. त्याचं उत्तर नेहमी "हो" येतं.

लोक तुम्हाला बरं वाटेल असं बोलतात

यावर आपल्याच देशात झालेला एक अभ्यास प्रत्येकाने लक्षात ठेवावा. निकोला डेल आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये बंगळूरमध्ये ४५० मुलाखती घेतल्या. लोकांना दोन अगदी सारख्या गोष्टी दाखवायच्या, त्यातली एक मुलाखत घेणाऱ्याने बनवली आहे असं भासवायचं आणि विचारायचं, कुठली आवडली? मुलाखत घेणाऱ्याची वस्तू आवडल्याचं सांगण्याची शक्यता सुमारे अडीच पट निघाली. मुलाखत घेणारा परदेशी आणि सोबत दुभाषी असेल तर पाच पट. त्याची वस्तू मुद्दाम खराब करून दाखवली, तरीही लोक तिलाच पसंती देत होते.

आता स्वतःकडे बघा. तुम्ही युनिव्हर्सिटीतून आलेल्या, हातात लॅपटॉप, चहा पुढे आलेला. ताई कशाला म्हणतील की तुमचं ॲप कळत नाही? उलट त्या म्हणतील, "छान आहे हो मॅडम, आमचंच शिक्षण कमी." हे वाक्य ऐकू आलं की समजा, तुम्हाला दोष सापडलाय आणि तो ताईंच्या शिक्षणात नाही.

उपाय आहेत. "हे मी बनवलंय" असं आपणहून सांगू नका. शक्य असेल तर चाचणी घेणारी व्यक्तीच वेगळी ठेवा. आवडलं का, हे विचारण्यापेक्षा हात काय करतात ते बघा. एकच स्क्रीन न दाखवता दोन पर्याय दाखवा आणि दोन्ही दुसऱ्या कोणाचे आहेत असंच वाटू द्या. डिझायनर अपला लाहिरी चव्हाण यांनी तर यासाठी "बॉलिवूड पद्धत" काढली. सहभागीला सिनेमात शोभेल असा नाट्यमय प्रसंग सांगायचा: घरातल्या मुलीचं लग्न ठरलंय, मुलाबद्दल भलतंच काही कळलंय, तातडीने तिकीट काढून जायचंय. प्रसंगात गुंतलेला माणूस पाहुण्यासमोरचा संकोच विसरतो आणि तिकीट निघालं नाही की मोकळेपणाने वैतागतो. तुम्हाला तो वैतागच हवा असतो.

चाचणी चालू असताना

सहभागीने काम करता करता मनात येईल ते मोठ्याने बोलायचं, ही थिंक-अलाउड पद्धत. अँडर्स एरिक्सन आणि हर्बर्ट सायमन यांनी १९८० च्या दशकात तिचा पाया घातला. त्यांचा एक मुद्दा आपल्या कामाचा आहे. मनात चाललंय ते नुसतं बोलून दाखवलं तर विचारप्रक्रिया फारशी बदलत नाही, पण "असं का केलं?" याचं स्पष्टीकरण देत देत काम केलं तर ती बदलते. म्हणून मध्येच "का?" विचारू नका, ते शेवटासाठी ठेवा. मध्ये फक्त "बोलत राहा" किंवा "आता काय बघताय?" एवढंच.

सुरुवातीला सांगा की परीक्षा ॲपची आहे, तुमची नाही. मग गप्प बसा. ताई अडल्या की बोट पुढे जाईल, आवरा. किती वेळ थांबायचं आणि मदत कधी करायची, हे आधीच ठरवून लिहून ठेवा आणि सगळ्यांना तेच लावा. मदत केलेलं काम स्वतंत्र यश म्हणून मोजायचं नाही. आणि खऱ्या पाच जणींआधी एक सराव चाचणी घ्या. तिच्यात टास्कचेच दोष निघतात.

परवानगीचं विसरू नका. संस्थेच्या एथिक्स कमिटीची मान्यता माहिती गोळा करण्याआधी घ्यायची असते, नंतर नाही. संमतीपत्र मराठीत, मोठ्याने वाचून दाखवलेलं हवं. रेकॉर्डिंग कशाचं होणार, कुठे ठेवणार, नको म्हटलं तर काय, हे स्पष्ट सांगा. स्क्रीन रेकॉर्ड करताना वरून येणारे बँकेचे मेसेजही रेकॉर्ड होतात, म्हणून नोटिफिकेशन आधी बंद करायला सांगा. गटाचे खरे हिशेब वापरू नका, कल्पित नावं आणि आकडे घ्या. आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. तो आणि तुमच्या संस्थेचे नियम गाईडसोबत बसून वाचा.

मोजायचं काय?

आयएसओ ९२४१-११ हे मानक वापरसुलभतेचे तीन भाग सांगतं: परिणामकारकता, कार्यक्षमता, समाधान. साध्या भाषेत, काम बरोबर झालं का, किती खटाटोप पडला आणि माणसाला कसं वाटलं.

वेळ मोजायची असेल तर थिंक-अलाउड करू नका, बोलण्यात वेळ जातो. वेळेचे आकडे एका बाजूला लांबलेले असतात, एखादी ताई खूप अडकली की सरासरी फुगते. म्हणून मध्यक सांगा.

समाधानासाठी जॉन ब्रूक यांची एसयूएस ही दहा विधानांची प्रश्नावली सगळ्यात जास्त वापरली जाते. ती १९८६ ची. प्रत्येक विधानाला १ ते ५ गुण. विषम क्रमांकाच्या विधानांत गुणातून १ वजा, सम क्रमांकाच्या विधानांत ५ मधून गुण वजा, बेरजेला २.५ ने गुणा. कोणी विषम विधानांना ४ आणि सम विधानांना २ दिले तर प्रत्येकी ३, बेरीज ३०, गुण ७५. हे ७५ टक्के नव्हे, १०० पैकी ७५ गुण. जेफ सौरो यांनी सुमारे ५०० अभ्यासांतून काढलेली सरासरी ६८ आहे, तिच्याशी तुलना करतात. मात्र सम विधानं नकारार्थी असतात आणि तोंडी विचारताना "नाही असं नाही" असा घोळ होतो. मराठी रूपांतर आधी दोघी-तिघींकडून तपासून घ्या आणि ते तुम्ही कसं केलं हे प्रबंधात लिहा.

मग ॲप द्यायचं की नाही?

सापडलेल्या प्रत्येक दोषाला गंभीरता द्या. नील्सन यांची ० ते ४ अशी श्रेणी प्रचलित आहे: ० म्हणजे दोषच नाही, ४ म्हणजे प्रसिद्ध करण्याआधी दुरुस्त व्हायलाच हवा असा. तुमच्यासोबत आणखी कोणाला तरी स्वतंत्रपणे गुण द्यायला सांगा आणि मतभेद बोलून मिटवा. किती जणींना त्रास झाला आणि झाला तर नुकसान किती, हे वेगवेगळं बघा. बटणाचा रंग चौघींना आवडला नाही, तो थांबू शकतो. परतफेड बचतीत गेली, एकीच्याच बाबतीत गेली, तरी ते थांबू शकत नाही. दुरुस्त करा आणि नव्या पाच जणींसोबत पुन्हा बसा. त्याच पाच जणी नकोत, त्या आता शिकल्यात.

शेवटी लिहिण्याबद्दल. "ॲप वापरण्यास सोपे असल्याचे सिद्ध झाले (n = ५)" हे वाक्य व्हायव्हामध्ये टिकणार नाही. त्याऐवजी असं लिहा: "तीन गटांतील पाच सचिवांसोबतच्या पहिल्या फेरीत अकरा दोष आढळले, त्यांपैकी दोन गंभीर होते. दुरुस्तीनंतर नव्या पाच सहभागींसोबतच्या फेरीत ते दोन दोष पुन्हा दिसले नाहीत. ही चाचणी दोष शोधण्यासाठी होती. यशाच्या प्रमाणाचा अंदाज यातून काढलेला नाही." (आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे तुम्ही घाला.) दावा लहान आहे, पण परीक्षकांनी कितीही ओढला तरी तुटत नाही. मोठा दावा करायचाच असेल तर पुढची पायरी वेगळी: जास्त लोक, आधी ठरवलेलं मोजमाप आणि तुलनेला जुनी वही.

या आठवड्यात एक काम करा. आपल्या ॲपचं एकच सर्वांत महत्त्वाचं काम निवडा, त्याचा टास्क स्क्रीनवरचा एकही शब्द न वापरता लिहा, आणि चूक होऊनही ॲप "झालं" म्हणेल अशा किती जागा आहेत ते मोजा. पहिल्या पाच जणींसोबत बसताना नजर तिथे ठेवा.